पाच सूर पाठ झाले म्हणजे ब्लूज आला असे नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत गिटार शिकणाऱ्यांसाठी येणाऱ्या सदरात या वेळी ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकारावर अर्धे पान आले. मराठी दैनिकाने या विषयाला एवढी जागा दिली याचा आनंद आहे. पण पेंटॅटॉनिक नावाची पाच सुरांची स्केल पाठ करावी, ती वरखाली वाजवावी आणि ब्लूज आला म्हणावे, हा त्यातला सल्ला शिकणाऱ्याला सरळ खड्ड्यात घालणारा आहे. त्यात सोबतच्या आकृतीत एक चूक राहिली आहे. पाचव्या फ्रेटपासूनच्या (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरचा पडदा) ए मायनर पेंटॅटॉनिकच्या चौकटीत दुसऱ्या तारेवर ५ आणि ७ असे आकडे छापले आहेत. तिथे ५ आणि ८ हवेत. ए ला सा धरला तर सातव्या फ्रेटवर शुद्ध धैवत लागतो, तो या स्केलमध्ये नाही. जाड तारेकडून बारीक तारेकडे बरोबर आकडे असे: सहावी ५-८, पाचवी ५-७, चौथी ५-७, तिसरी ५-७, दुसरी ५-८, पहिली ५-८. कृपया दुरुस्ती छापावी. बाकीचे म्हणणे जरा सविस्तर मांडतो.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या संकुलांत आणि नवी मुंबईच्या जवळपास प्रत्येक नोडमध्ये आता गिटारचे क्लास आहेत. बहुतेक ठिकाणी क्रम ठरलेला: मोकळ्या कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर), चार हिंदी गाणी, मग मुलगा 'लीड', म्हणजे एकेका सुराने वाजवणे, शिकायचे म्हणतो म्हणून ही चौकट. दोन महिन्यांत बोटे पळायला लागतात, घरचे खूश होतात. त्याच मुलाला मागे कोणीतरी बारा बार, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा भाग, वाजवून दिले आणि 'आता तू वाजव' म्हटले की घोडे तिथेच अडते. आपण आवर्तनात कुठे आहोत हे त्याला माहीतच नसते. ब्लूज बसतो तो आधी या बारा बारांत, सूर नंतर.

तर आधी बारा बार. सुरुवात ए मध्ये करावी, कारण लागणाऱ्या तिन्ही कॉर्डचे मूळ सूर मोकळ्या तारांवर मिळतात: ए पाचव्या तारेवर, डी चौथ्या, ई सहाव्या. पहिले चार बार ए सेवन. पाचवा-सहावा डी सेवन, सातवा-आठवा पुन्हा ए सेवन. नववा ई सेवन, दहावा डी सेवन, अकरावा ए सेवन, बारावा ई सेवन, आणि परत पहिल्यावर. प्रत्येक बार चार मात्रांचा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवला तर एक फेरी ४८ सेकंदांची, १२० वर २४ सेकंदांची. पुष्कळदा दुसऱ्याच बारला डी सेवनवर जाऊन येतात, त्याला क्विक चेंज म्हणतात. तो नंतर शिकला तरी चालेल.

मोजताना बारचा क्रमांक पहिल्या मात्रेवर म्हणावा: एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, तीन-दोन-तीन-चार, असे बारापर्यंत. तोंडाने, मोठ्याने. मनात मोजणारा हमखास आठव्या बारला घसरतो. पाचव्या-सहाव्या बारच्या डीवरून परत ए वर आले की सातवा एकच बार वाजवून मंडळी ई वर उडी मारतात, आठवा खाऊन टाकतात. दुसरी ठरलेली जागा चौथा बार. एकाच कॉर्डवर चार बार थांबायचा कंटाळा येतो आणि लय चढते. स्वतःचे वाजवणे फोनवर रेकॉर्ड करून पहिल्या फेरीची आणि सहाव्या फेरीची वेळ घड्याळावर ताडून पाहावी. ४८ चे ४३ झाले असतील तर अजून सोलोकडे जायचे कारण नाही.

आता या आवर्तनाला चालवणारा ठेका, म्हणजे शफल. इथे मराठी घरातल्या मुलाला एक सोय आहे. प्रत्येक मात्रेला मनात 'धाधीना' म्हणावे आणि हात 'धा'वर आणि 'ना'वर पाडावा, 'धी' रिकामा. लांब-आखूड, लांब-आखूड असे जे येते तोच शफल. ए साठी पाचवी तार मोकळी आणि चौथ्या तारेवर दुसरा फ्रेट पहिल्या बोटाने, म्हणजे तर्जनीने, दाबून दोन्ही तारा एकत्र छेडायच्या: एका मात्रेत दोनदा, एक लांब एक आखूड. पुढच्या मात्रेत तिसरे बोट चौथ्या फ्रेटवर टेकवून तेच. पुन्हा दुसरा, पुन्हा चौथा, झाला एक बार. डी साठी हाच आकार एक तार खाली सरकतो, चौथी मोकळी आणि तिसरीवर बोटे. ई साठी सहावी मोकळी आणि पाचवीवर बोटे. सगळे फटके खालच्या दिशेने. उजव्या तळहाताची कड ब्रिजला (पेटीवर तारा टेकतात त्या पट्टीला) लागून तारांवर अलगद टेकलेली हवी. ती फार पुढे सरकली तर नुसती ठकठक ऐकू येते, उचलली तर तारा घणघणत राहतात आणि 'धी'ची रिकामी जागा भरून जाते. शफल मरतो तो बहुतेक इथे.

तबला शिकलेल्यांची एक खोड मात्र मोडावी लागते. त्यांचा हात समेवर वजन टाकतो. ब्लूजमध्ये वजन दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असते, ड्रमवाल्याचा स्नेअर तिथेच पडतो. त्यासाठी मेट्रोनोम अर्ध्या वेगावर, म्हणजे ३० ते ३५ वर लावून त्याचा ठोका दुसरी-चौथी मात्रा आहे असे समजून वाजवावे. पहिल्या दिवशी डोके फिरते. आठवडाभर चिकाटी धरली तर मेट्रोनोमच झुलल्यासारखा वाटू लागतो.

अकराव्या-बाराव्या बारमधल्या वळणाला टर्नअराउंड म्हणतात. त्याचा एक जुना नमुना प्रत्येकाच्या हातात असावाच. पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट करंगळीने धरून ठेवायचा, तो षड्ज. त्याच्याखाली चौथ्या तारेवर ५, ४, ३, २ असे उतरायचे: कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत, पंचम. शेवटच्या टप्प्यावर हात ताणला जातो, करंगळी पाचवर आणि तर्जनी दोनवर. अंगठा मानेच्या मागे मध्यावर आणला की जमते. त्यानंतर बाराव्या बारचा ई सेवन. एवढे चार सूर वाजले की कुठल्याही ब्लूजवाल्याला फेरी संपत आली हे न सांगता कळते.

आता त्या पाच सुरांविषयी. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आपल्याकडे धानीचे सूर हेच. पण धानी म्हणून वाजवले तर ब्लूज होत नाही, कारण खाली तंबोरा नाही, बदलत्या कॉर्ड आहेत. ए सेवन या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार आहे आणि वर आपण कोमल गंधार वाजवतो आहोत. शास्त्राने पाहिले तर ही टक्कर. ब्लूजचा सगळा रंग या टकरीतून येतो, आणि गाणारे-वाजवणारे तो गंधार दोन्हींच्या मधे कुठेतरी ठेवतात. गिटारवर त्यासाठी तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा कोमल गंधार छेडून तार किंचित, जेमतेम पाव स्वर, ढकलायची. पूर्ण शुद्ध गंधारापर्यंत नेली तर गोड होते, न ढकलता सोडली तर कोरडी वाटते. दरबारीतल्या आंदोलित गंधारावर वाढलेल्या कानाला हा फरक लगेच कळतो, हे आम्ही शिकवताना नेहमी पाहतो. पाच सुरांत सहावा पाहुणा म्हणजे तीव्र मध्यम: पाचव्या तारेचा सहावा आणि तिसऱ्या तारेचा आठवा फ्रेट. त्यावर थांबायचे नाही, मध्यमाकडून पंचमाकडे किंवा उलट जाताना स्पर्श करून पुढे जायचे.

ज्या गोष्टीकडे पुरवणीतल्या मजकुराने पाठ फिरवली ती ही: पाचव्या बारला डी सेवन आला की त्या कॉर्डमध्ये आपला कोमल गंधार हक्काने बसलेला असतो, आणि शुद्ध गंधार तिथे कानाला टोचतो. म्हणजे ए सेवनवर गंधार वर ढकलायचा, डी सेवनवर खाली ठेवायचा. एवढ्या एका सुराने श्रोत्याला कॉर्ड बदलली हे समजते, मागे कोणी साथीला नसले तरी. पाच सूर आंधळेपणाने वरखाली करणाऱ्याचे वाजवणे सगळ्या बारा बारांवर सारखेच ऐकू येते ते यामुळे.

हे हातात बसवायला ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगच्या नावाने ओळखली जाणारी छोटी चौकट घ्यावी. ए साठी ती दहाव्या फ्रेटपाशी येते. दुसऱ्या तारेचा दहावा फ्रेट सा, त्याच तारेचा बारावा रे. पहिल्या तारेचा दहावा म, बारावा प. तिसऱ्या तारेचा अकरावा शुद्ध ध. तर्जनी सा वर ठेवायची. आता दुसऱ्या तारेवरचा रे तिसऱ्या बोटाने ढकलायचा: अर्धा स्वर चढवला तर कोमल ग, पूर्ण स्वर चढवला तर शुद्ध ग. पहिल्या चार बारांत पूर्ण, पाचव्या-सहाव्यात अर्धा, सातव्या-आठव्यात परत पूर्ण. सबंध महिना एवढेच केले तरी वेळ वाया गेला असे कोणी म्हणणार नाही. किंग स्वतः गाताना गिटार वाजवत नसे, आणि वाजवताना कॉर्डच्या वाटेला क्वचितच जाई. एकेका सुराने उत्तर देई. शिकागोच्या रीगल थिएटरमधले त्याचे १९६४ चे ध्वनिमुद्रण मिळवून ऐकावे आणि दोन वाक्यांमध्ये तो किती वेळ गप्प राहतो ते घड्याळावर मोजावे.

तार ढकलून सूर चढवणे, म्हणजे बेंड. आपल्याकडची मींड सतारीवर अशीच पडद्यावर तार ओढून घेतात, म्हणून कल्पना नवी नाही. अडचण हाताची आहे. सूर पूर्ण स्वराने चढवायचा म्हणजे तारेवरचा ताण साधारण सव्वापट करावा लागतो, आणि तो एका बोटाच्या जोरावर होत नाही. तिसरे बोट तारेवर, त्याच्या मागे पहिली दोन्ही त्याच तारेवर आधाराला. अंगठा मानेवरून वर आलेला. तर्जनीचे मूळ मानेच्या खालच्या कडेला टेकलेले, आणि कुलपात किल्ली फिरवावी तसे मनगट फिरवायचे. बोटे वाकवून-सरळ करून ढकलणाऱ्याची बोटे महिन्याभरात दुखायला लागतात आणि सूर मात्र पाऊण स्वरावरच अडकतो. हा पाऊण स्वर फार वाईट. धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, आणि सवय झाली की कान तोच खरा मानू लागतो.

म्हणून प्रत्येक बेंड आधी पोचायच्या सुराशी ताडून पाहावा. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर मध्यम आहे, तो पंचमापर्यंत न्यायचा. पंचम दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर तयार आहे. आधी तो छेडा, ऐका, गुणगुणा, मग मध्यम ढकलून तिथे आणा. दोन्ही तारा एकत्र छेडल्या तर चुकीचा सूर लाटा मारतो, बरोबर जुळला की लाटा थांबतात. तसेच दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटवरचा कोमल निषाद पहिल्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरच्या षड्जाशी जुळवावा. ट्यूनरची सुई पाहून करू नये असे नाही, पण कान तयार व्हायचा तर सुई शेवटी पाहावी. उतरती मींड घ्यायची असेल तर तार आधी न वाजवता ढकलून ठेवायची, मग छेडायची आणि सावकाश सोडायची. किती ढकलायची ते हाताला पाठ असल्याशिवाय हे जमत नाही, म्हणून ते दुसऱ्या टप्प्यावर.

सुरुवात सातव्या ते दहाव्या फ्रेटच्या दरम्यान करावी. पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) जवळ असल्याने तार फार हट्टी असते. पहिल्या तीन तारा छताच्या दिशेने ढकलाव्यात, जाड तारा जमिनीकडे ओढाव्यात. ढकलताना शेजारची तार बोटाखाली येऊन सुटताना 'टंग' करते. तर्जनीचे टोक त्या तारेला टेकलेले ठेवले आणि जाड तारांवर उजवा तळहात ठेवला की तो आवाज जातो. डाव्या हाताची नखे मुळापर्यंत कापलेली हवीत. बेंड सोडल्यावर तार बेसूर झाली तर पुष्कळदा दोष खुंटीचा नसतो. तार नटच्या खाचेत अडकते. तार बाजूला करून खाचेत मऊ पेन्सिलीचे शिसे चोळावे, 'किंच' असा आवाज बंद होतो आणि सूरही टिकतो.

तारांची जाडी हा आणखी एक न बोलला जाणारा विषय. बहुतेकांच्या घरी पहिली गिटार अकूस्टिक येते, तिच्यावर १२-५३ चा संच असतो (आकडे पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागांत) आणि तिसरी तार वरून बारीक तार गुंडाळलेली असते. गुंडाळलेल्या तारेचा सूर तेवढ्याच ढकलण्याने कमी चढतो. मुलगा महिनाभर झगडतो आणि आपल्या बोटांत जोर नाही असे समजून सोडून देतो. अशा गिटारवर १०-४७ चा संच लावावा आणि तिसरी तार साधी, १८ ची घालावी. त्या एका तारेचा सूर वरच्या फ्रेटवर किंचित चढा लागेल, तेवढे सोसावे. इलेक्ट्रिकवर ९-४२ ने सुरुवात करून वर्षभराने १०-४६ वर जावे. पहिल्याच दिवशी जाड तारांचा हट्ट धरणे म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्याने पावसाळ्याचा हिशेब वेगळा धरायला हवा. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जून ते सप्टेंबरात खाडीकाठच्या घरात ती ८० च्या वर सहज असते. अकूस्टिकचे वरचे पान फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा फ्रेटबोर्डापासून लांब जातात. स्टीलची पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटवर अंतर मोजावे: अकूस्टिकवर सहाव्या तारेखाली सुमारे अडीच आणि पहिलीखाली दोन मिलिमीटर, इलेक्ट्रिकवर दोन आणि दीड. अकूस्टिकवर साडेतीन-चार झाले असतील तर बेंड विसरा. इथे एक घोळ नेहमी होतो. लोक इंटरनेटवर पाहून मानेतली ट्रसरॉड नावाची सळई पिळायला घेतात. ट्रसरॉड मानेचा बाक सुधारते. पान फुगल्याने वाढलेली उंची तिने उतरत नाही, उलट मान मागे वाकून पहिल्या पाच फ्रेटवर तारा झणझणू लागतात. आधी बाक पाहावा. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे पेटीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबली की सातव्या फ्रेटपाशी व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. ती असेल तर ट्रसरॉडला हात लावू नये. गिटार कव्हरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या घालून कपाटात ठेवावी, एसीच्या खोलीत असेल तर उत्तम. दोन-तीन आठवड्यांत पान बऱ्यापैकी बसते. बाहेरच्या भिंतीला टेकवून किंवा खिडकीखाली ती कधीही ठेवू नये. वाजवून झाल्यावर तारा वरून आणि खालून सुती फडक्याने पुसाव्यात. आपल्या घामाला आणि या हवेला तारा गंजायला महिना पुरतो, आणि गंजकी तार ढकलताना बोटही सोलते, सूरही धड लागत नाही.

पान बसलेच नाही, तारा उंचच राहिल्या, तरी ती गिटार भंगारात घालू नये. स्लाइडला अशीच लागते. करंगळीत काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवर नुसती टेकवत सरकवायची, दाबायची नाही. नळी फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर हवी. एरवी बोट आपण पट्टीच्या मागे ठेवतो, त्या सवयीने स्लाइडवर सगळे सूर उतरे लागतात. नळीच्या मागची दोन बोटे तारांवर अलगद ठेवली नाहीत तर मागचा भाग कुरकुरतो. तारा ओपन जी मध्ये लावाव्यात: सहावी ई वरून डी, पाचवी ए वरून जी, पहिली ई वरून डी, बाकीच्या तीन तशाच. तिन्ही तारा उतरवायच्या असल्याने तुटायची भीती नाही. इथे १०च्या संचापेक्षा जुना १२-५३ चाच बरा, हलक्या तारा नळीखाली फ्रेटला आपटतात. मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि ब्लूजच्या स्लाइडसाठी नावाजलेला राय कूडर यांनी एकत्र केलेल्या ध्वनिमुद्रणाला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले. मोहनवीणा आणि स्लाइड गिटार यांचे नाते किती जवळचे, ते त्यात ऐकू येते.

सूर आणि हात एवढे झाल्यावर प्रश्न उरतो काय वाजवायचे याचा. ब्लूजचे कडवे बहुधा तीन ओळींचे. पहिली ओळ, तीच पुन्हा, मग तिसरी ओळ निकाल लावणारी. प्रत्येक ओळीला चार बार, त्यातले पहिले दोन गाण्याचे आणि उरलेले दोन वाद्याच्या उत्तराचे. पोवाड्यात शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी ती उचलावी, तशी ही रचना. शिकणाऱ्याने हीच शिस्त सोलोला लावावी. दोन बार वाजवायचे, दोन बार गप्प. पहिले वाक्य जसेच्या तसे दुसऱ्यांदा, तिसऱ्या वेळी बदल. आणि सुरुवातीला सूर फक्त तीन: दुसऱ्या तारेचा पाचवा व आठवा आणि पहिल्या तारेचा पाचवा फ्रेट. प, कोमल नी, सा. एवढ्यात बारा बार भरून दाखवणारा मुलगा चौकट गरगर फिरवणाऱ्यापेक्षा आम्हाला पुढचा वाटतो.

ऐकण्याविषयी थोडे. हे संगीत अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या डेल्टात कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांचे. त्याला 'दुःखी रॉक' समजून ऐकणे हा अडाणीपणा. रॉबर्ट जॉन्सनची १९३६-३७ ची ध्वनिमुद्रणे जरूर ऐकावीत, पण पहिल्याच महिन्यात त्यांच्यासोबत वाजवायला बसू नये. तो एकटा वाजवत असे आणि मनाला येईल तिथे एखादी मात्रा वाढवी किंवा गाळी. जॉन ली हूकर तर कॉर्ड बदलायचाही नेम ठेवत नसे. शिस्तीचे बारा बार हवे असतील तर मडी वॉटर्सचा १९५० च्या दशकातला शिकागोचा बँड ऐकावा. अल्बर्ट किंग डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून बारीक तारा खाली ओढायचा. त्याचे बेंड आपल्या हातातून तसेच्या तसे निघत नाहीत याचे वाईट वाटून घेऊ नये. बडी गायसारखे दिग्गज वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून भरत आलेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात वाजवून गेले आहेत, आणि शिलाँगचा सोलमेट हा आपला बँडही तिथे वाजवून गेला आहे. एखादे वाक्य उचलायचे ठरले तर ते आधी तोंडाने गाता यायला हवे. फोनवर वेग ०.७५ वर करावा, चार बारांच्या पुढे जाऊ नये, आणि इंटरनेटवरचे टॅब (तारा आणि फ्रेटच्या आकड्यांत लिहिलेली सुरावट) अगदी शेवटी, स्वतःचे ताडून पाहायला उघडावेत. टॅबमध्ये बेंड किती ढकलला ते लिहिलेले असते, किती सावकाश ढकलला ते नसते.

इलेक्ट्रिक घेणाऱ्यांनी मोठा अँप घेऊ नये. वन बीएचकेमध्ये पाच ते दहा वॉट पुरतात. गेन (आवाज फाडणारे अँपचे बटण) एवढाच ठेवावा की हलके छेडले तर आवाज स्वच्छ आणि जोरात छेडले तर किंचित फाटलेला. जास्त गेनमध्ये सगळे बेंड सारखेच ऐकू येतात आणि चूक लपते. साथीला असताना गिटारचा व्हॉल्यूम सातवर, सोलोला दहावर, अँपला हात लावायची गरज नाही. पिक ०.८ ते १ मिलिमीटरची. रात्री दहानंतर हेडफोन लावावा. सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडण करून ब्लूज सुधारत नाही.

शेवटी क्लास चालवणाऱ्या सहकाऱ्यांना एक विनंती. वर्षअखेरच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलाकडून एकेक फिल्मी सोलो घोकून घेण्याऐवजी मुलांच्या जोड्या लावाव्यात. एकाने बारा बार शफल धरायचा, दुसऱ्याने वाजवायचे, आणि फेरी संपली की न थांबता अदलाबदल. अशा चार फेऱ्या ७२ च्या लयीत दोन मिनिटे चाळीस सेकंदांत होतात. साथ करणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला गुण सारखेच द्यावेत, आणि टर्नअराउंड चुकला तर दोघांचेही कापावेत.

आपले,
गिटार शिकवणारे दोघे,
ठाणे (पश्चिम) आणि कोपरखैरणे